‘एवढ्याशा पोराला काय कळतंय?’

एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. परीक्षा संपलेल्या असतात, बदल्यांचे आदेश निघालेले असतात, भाड्याच्या घरांचे अकरा महिन्यांचे करार संपत आलेले असतात, आणि ज्यांच्या संसाराची घडी मोडायची ठरली आहे ती मंडळीही मुलांचे शाळेचे वर्ष पुरे होण्याची वाट पाहत थांबलेली असतात. या वेळी निवडलेली चार पत्रे चार वेगळ्या घरांतली आहेत. मात्र शीर्षकातले वाक्य चारही पत्रांत कुठे ना कुठे डोकावते, कधी आजोबांच्या तोंडी, तर कधी खुद्द आईच्या. त्या वाक्याशी माझे जुने भांडण आहे, हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न : माझी मुलगी सव्वापाच वर्षांची आहे. दीड महिन्यापूर्वीपर्यंत आम्ही नाशिकला सासरी राहत होतो. सासू-सासरे, दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुले असे भरलेले घर होते. पतीपासून वेगळे होण्याचा निर्णय झाल्यावर मी मुलीला घेऊन नोकरीच्या ठिकाणी, पुण्याला, एका खोलीच्या भाड्याच्या घरात आले. माझी आई सोबतीला आली आहे. ‘बाबा कामासाठी परगावी गेले आहेत आणि आपण सुट्टीसाठी इथे आलो आहोत,’ असे मी मुलीला सांगितले आहे. एवढ्याशा मुलीला खरे सांगून काय कळणार, असे सगळ्यांचेच मत पडले. दोन वर्षांपूर्वी थांबलेले अंथरूण ओले करणे आता पुन्हा सुरू झाले आहे. परवा तिने आपली सगळी खेळणी आपणहून डब्यात भरली आणि म्हणाली, ‘आता मी पसारा करत नाही ना? मग घरी जाऊ या.’ मला काय बोलावे ते सुचले नाही.
— एक आई, पुणे

उत्तर : तुमच्या मुलीने जे वाक्य उच्चारले, त्यात तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. घर का सुटले याचे कारण मोठ्यांनी तिला दिले नाही, म्हणून तिने ते स्वतः शोधून काढले, आणि ते तिला स्वतःच्या पसाऱ्यात सापडले. या वयाची मुले असेच शोधतात. दोन ते सात या वयात मूल जगाकडे स्वतःला मध्यभागी ठेवून पाहते, हे ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांशी बोलून आणि त्यांचे खेळ निरखून दाखवून दिले. चंद्र आपल्याबरोबर चालतो असे ज्या वयात वाटते, त्याच वयात आई-बाबांचे भांडण आपल्यामुळे झाले असेही वाटते. तिच्यापुरता तो तर्क अगदी सरळ आहे : पसारा केला की आई रागावायची, एके दिवशी आई घर सोडून निघाली, म्हणजे पसारा फार झाला असणार. तेव्हा ‘तिला कळत नाही’ हे खरे नव्हे. तिला कळले आहे, पण चुकीचे कळले आहे.

म्हणून आधी सांगितलेली गोष्ट दुरुस्त करावी लागेल, आणि ती लवकर करावी. सुट्टीची थाप जूनमध्ये शाळा सुरू होताच उघडी पडणार आहे. त्या दिवशी तिला दोन धक्के एकदम बसतील : घर गेल्याचा, आणि आईने खरे सांगितले नाही याचा. शक्य असेल तर तुम्ही आणि तिच्या वडिलांनी मिळून बोलावे. ते शक्य नसेल, तर निदान काय सांगायचे याचे शब्द दोघांनी फोनवर ठरवून घ्यावेत. शब्द थोडे असावेत. ‘मी तुला सुट्टी म्हणाले होते, ते बरोबर नव्हते. आई आणि बाबा आता एका घरात राहणार नाहीत. हे आम्ही मोठ्या माणसांनी ठरवले आहे. तू काही केलेस म्हणून हे झालेले नाही, आणि तू काही केलेस म्हणून ते बदलणारही नाही. तू माझ्याजवळ राहशील. बाबा तुझे बाबाच आहेत.’ यातले ‘बदलणारही नाही’ हे शब्द तुम्हाला कठोर वाटतील. पण ते नसतील तर ती वर्षभर खेळणी आवरत बसेल.

हे ऐकून ती कदाचित दोन मिनिटांत ‘मला भूक लागली’ म्हणेल. त्याने बुचकळ्यात पडू नका. मुले दुःख घोटाघोटाने पितात. उद्या अंघोळीच्या वेळी आणि परवा बसमध्ये ती तोच प्रश्न पुन्हा विचारेल, आणि प्रत्येक वेळी उत्तर त्याच शब्दांत यायला हवे. मुलगी ऐकते आहे की नाही, अशी शंका अशा वेळी आईबापांना येते. प्रत्यक्षात उत्तर अजून तेच आहे ना, एवढेच ती तपासत असते.

वडिलांच्या भेटीबाबत, जे तुमच्या हातात नाही त्याचे वचन देऊ नका. ‘बाबा दर रविवारी येतील’ असे सांगून ते दोन रविवार आले नाहीत, तर तिला ते ‘बाबा आठवड्यातून एकदा फोन करतील’ या साध्या पण पाळल्या जाणाऱ्या शब्दापेक्षा कितीतरी अधिक लागेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फोनच्या वाराला तिच्याच हाताने रंगाचा ठिपका द्यायला लावा, कारण ‘पंधरा दिवसांनी’ या शब्दाला सव्वापाच वर्षांच्या मुलीच्या लेखी काही लांबी-रुंदी नसते. न्यायालयात ताब्याचा प्रश्न आला, तर १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईजवळ असावे असे म्हटले आहे. तुमच्या मुलीने ते वय ओलांडले आहे आणि कोणत्याही वयात न्यायालय मुलाचे हित सर्वांत वर मानते. त्या हितात वडिलांचा सहवास धरला जातो, म्हणून भेटीची घडी आपसांत बसवून ठेवणे तुमच्याही बाजूचे आहे.

आता एक गोष्ट, जी पत्रात तुम्ही ओघात लिहून गेलात. तुमच्या मुलीचे केवळ वडील दुरावलेले नाहीत. आजी-आजोबा, काका-काकू आणि ज्यांच्या ताटातले ती उचलून खात असेल ती दोन चुलत भावंडे, एवढे सगळे एका दुपारी नाहीसे झाले. पती-पत्नीचे नाते कागदावर संपते. मुलीचे आणि आजीचे नाते संपवणारा कागद मात्र अजून कोणी काढलेला नाही. जावेशी तुमचे बोलणे राहिले असेल, तर चुलत भावंडांशी आठवड्यातून एकदा बोलणे घडवून आणा. मन मोठे करून हे तुम्हालाच करावे लागेल, आणि ते सोपे नाही, हे मी जाणते.

अंथरूण ओले होण्याबद्दल : लघवीला जंतुसंसर्ग झालेला नाही ना, एवढे बालरोगतज्ज्ञांकडून पाहून घ्या. नंतर गादीवर रबरी कापड अंथरा, चादर न बोलता बदला आणि ही गोष्ट शेजारणीला किंवा फोनवर मावशीला तिच्या देखत सांगू नका. बरेच दिवस कोरडे राहिलेले मूल ताणाखाली काही काळ मागे जाते आणि ताण उतरला की बहुधा पुन्हा पुढे येते. चार-सहा महिने उलटूनही हे थांबले नाही, किंवा तिचे खाणे-बोलणे फार कमी झाले, तर मात्र बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांसाठी एक नियम दारातच सांगून ठेवा. ‘तुला आई जास्त आवडते की बाबा?’ हा आपल्याकडचा जुना गमतीचा प्रश्न आता या घरात कोणीही विचारायचा नाही. तसा तो कोणत्याही घरात विचारू नये, पण इथे तो क्रूर ठरेल.

प्रश्न : माझी बँकेची बदली नागपूरहून रत्नागिरीला झाली आहे. मुलगी आठ वर्षांची, तिसरी संपवलेली. मुलगा तीन वर्षांचा. महिन्याभराने निघायचे आहे. आधी सांगितले तर मुलगी रोज रडेल, म्हणून निघायच्या आदल्या दिवशीच सांगावे असा आमचा विचार आहे. दरम्यान जुनी खेळणी काढून टाकून सामान हलके करावे म्हणतो.
— एक वडील, नागपूर

उत्तर : दोन्ही विचार सोडून द्या.

मुलीला आजच सांगा. आठ वर्षांच्या मुलीला मैत्रिणी असतात, आणि मैत्रिणींचा निरोप घ्यायला वेळ लागतो. ती महिनाभर रडेल, हे खरे असू शकते. ते रडणे आपल्या घरात, आपल्या जिन्यावर, मैत्रिणीच्या गळ्यात पडून होईल. आदल्या दिवशी सांगितलेत, तर तेच रडणे रत्नागिरीच्या अनोळखी खोलीत जुलैच्या पावसात होईल, आणि तिथे तिचे ऐकायला सामानाच्या खोक्यांशिवाय कोणी नसेल. धाकट्याला मात्र महिनाभर आधी सांगून उपयोग नाही, कारण त्याला ‘उद्या’च्या पलीकडचे दिवस मोजता येत नाहीत. त्याला खोकी बांधायला काढाल त्या आठवड्यात सांगा, आणि ‘तुझा पलंग, तुझी सायकल आणि आपण सगळे’ बरोबर जात आहोत, हे मोजून सांगा. मोकळे होणारे घर पाहून आपणही मागे राहू की काय, अशी भीती या वयात खरोखरच वाटते.

खेळणी त्यांना विचारल्याशिवाय भंगारात घालू नका. फाटक्या कानाचा ससा, कळकट उशी, आजीच्या लुगड्याची गोधडी यांची किंमत बँकेच्या माणसाला लावता येणार नाही. आईपासून दूर असताना मूल आईची ऊब एखाद्या वस्तूत साठवून ठेवते, हे डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५१मध्ये मांडले. आपल्या आज्यांना ते न मांडताही ठाऊक होते. ती गोधडी धुऊनही नेऊ नका. तिचा वास हाच तिचा गुण आहे. सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता ती हातातल्या पिशवीत घ्या, आणि नव्या घरात स्वयंपाकघराच्याही आधी मुलांचा कोपरा लावा.

शाळेचे पाहायचे तर विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तुम्ही त्या हिशेबाने गेलात, तर रत्नागिरीच्या वर्गात ओळखी होऊन गेल्यावर मुलगी पोहोचेल. जूनच्या मध्याआधी पोहोचा. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत हाती आला नाही तरी घाबरू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही, आणि मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा असतो.

शेवटचे, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. तुमची मुलगी वर्गात ‘काय करून राहिली?’ किंवा ‘काहून?’ म्हणेल आणि वर्ग हसेल. मराठीतून मराठीत गेलेल्या मुलालाही परके वाटू शकते. घरी तिची बोली सुधारायला जाऊ नका, उलट तुम्ही दोघे ती निःसंकोच बोला. कोकणातले शब्द ती खेळता खेळता उचलेल, आणि वर्गशिक्षकांना आधीच भेटून ठेवलेत, तर पहिल्या हसण्याच्या वेळी वर्गात एक मोठे माणूस तिच्या बाजूचे असेल.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. काही मुले बरोबर जातात, काही आजी-आजोबांजवळ राहून आमच्या हंगामी वसतिगृहात जेवतात. एक मुलगा पहिले पंधरा दिवस खूप रडला आणि नंतर इतका शहाणा झाला की आम्ही सगळे त्याचे कौतुक करत होतो. पण आई परत आली त्या दिवशी तो आजीच्या पदराआड लपला आणि आईजवळ गेलाच नाही. आई उंबऱ्यावर बसून रडली. ‘लेकरू आहे, विसरलं,’ असे सगळे म्हणाले. खरेच विसरला असेल का?
— एक शिक्षिका, जिल्हा बीड

उत्तर : बाई, तो विसरलेला नाही. जो विसरतो त्याला लपावे लागत नाही.

१९५०च्या सुमारास इंग्लंडमधल्या रुग्णालयांत आजारी मुलांना आईवडिलांपासून आठवडेच्या आठवडे दूर ठेवले जाई, आणि भेटीच्या वेळा फार थोड्या असत. जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या ब्रिटिश अभ्यासकांनी त्या मुलांचे निरीक्षण केले. मूल आधी जोराने रडते आणि आईला हाका मारते. मग ते खिन्न होऊन कोपऱ्यात बसते. त्यानंतर ते शांत होते, जेवते, परिचारिकांकडे पाहून हसतेसुद्धा, आणि रुग्णालयातले लोक समाधानाने म्हणतात, रुळले बरे एकदाचे. पण आई आली की हेच मूल मान फिरवते. हे रुळणे नव्हते. वाट पाहणे असह्य झाले, म्हणून मुलाने आईकडचे दार आतून लावून घेतले होते. या कामाचा परिणाम असा झाला की १९५९च्या प्लॅट समितीच्या अहवालाने तिथल्या रुग्णालयांत आईवडिलांना भेटीसाठी मोकळीक देण्याची शिफारस केली. तुमच्या वर्गातला ‘शहाणा’ मुलगा मला त्या तिसऱ्या पायरीवरचा वाटतो, आणि ज्याचे आपण कौतुक केले त्याचीच खरे तर काळजी करायला हवी होती. मी हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात रडणारे मूलच आधी दिसते.

आत्ता काय करायचे ते आधी सांगते. ‘आईला विसरलास का रे?’ ही थट्टा आजीने आणि शेजाऱ्यांनी बंद करावी. आईने त्याला ओढून मांडीवर घेऊ नये. ती घरात भाकरी थापत, निवडत-टिपत त्याच्या नजरेसमोर राहावी, आणि जवळ येण्याची पाळी त्याच्यावर सोडावी. काही दिवसांनी तो येईल, आणि आल्यावर बहुधा चिडेल, चावेल, विनाकारण हट्ट करेल. तो राग म्हणजे आतून लावलेले दार उघडल्याची खूण आहे, असे तुम्ही आईला समजावून सांगा. तुमच्या तोंडून ती ते ऐकेल.

पुढच्या हंगामाआधी पालकांशी एकदा बोला. गाडी रात्री निघते, म्हणून मूल झोपेत असताना निघून जाण्याची पद्धत सर्रास आहे. ती मायेपोटीच पडली आहे, पण सकाळी उठल्यावर आई नाही, याचा अर्थ मुलाच्या लेखी झोपणे धोक्याचे असा होतो. त्याला उठवून, सांगून, रडवून जावे. ‘पाडव्याला येईन’ अशी तारीख देऊ नये, कारण कारखान्याचा पट्टा कधी पडेल, म्हणजे गाळप कधी संपेल, हे मजूर नेणाऱ्या मुकादमालाही सांगता येत नाही. ‘फडातला ऊस संपला की येईन’ हे खरेही आहे आणि त्याला चित्र काढून दाखवताही येते. आईची एक न धुतलेली साडी त्याच्या अंथरुणात राहू द्या. कोयता घेऊन पहाटे फडात उतरलेल्या जोडप्याला दिवसा फोन जमणार नाही, पण रात्री कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, परतल्यावर दोन मिनिटांचा आवाज पाठवता येईल. तो तुमच्या मोबाइलवर घेऊन सकाळच्या परिपाठानंतर एकेका मुलाला ऐकवता आला, तर त्यासारखे दुसरे औषध नाही. जी मुले बरोबर जातात त्यांच्याजवळ शिक्षण हमी कार्ड द्याच, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेला ती कुठवर शिकली आहेत ते समजेल.

या सगळ्याला मर्यादा आहे, हेही लिहिले पाहिजे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातले पाच महिने ही थोडी मुदत नव्हे, आणि ज्यांनी मुकादमाकडून मजुरीची आगाऊ उचल घेतली आहे त्या आईबापांना ‘मुलाजवळ थांबा’ असे सांगण्याचा अधिकार माझ्या खुर्चीला नाही.

प्रश्न : माझी पत्नी दोन महिन्यांपूर्वी वारली. सांगलीचे घर विकून मी मुलाकडे ठाण्याला राहायला जात आहे. चार वर्षांच्या नातवाला ‘आजी देवाघरी गेली’ असे सांगितले आहे. तो रोज विचारतो की देवाघरी कोणती गाडी जाते आणि आजोबा, आपण सांगलीचे घर विकले तर आजी परत कुठे येईल? एवढ्याशा पोराला मृत्यू काय कळणार? विषय टाळावा का?
— एक आजोबा

उत्तर : काका, टाळू नका. त्याचा प्रश्न पत्त्याचा आहे. तुम्ही त्याला गावाचे नाव सांगितले, म्हणून तो गाडी विचारतो. आजी ‘झोपली’ किंवा ‘लांब गेली’ असेही म्हणू नका, कारण मग झोप आणि प्रवास या दोन्हींची भीती बसते. ‘आजी मेली. तिचे शरीर थांबले. तिला आता भूक लागत नाही, दुखत नाही आणि ती परत येणार नाही,’ असे सांगावे. ‘मेली’ हा शब्द तुमच्या तोंडून निघायला जड जाईल, तर ‘वारली’ म्हणा, पण त्याचा अर्थ सांगा. मृत्यू कायमचा असतो हे चार वर्षांच्या मुलाला एकदा सांगून उमगत नाही. ती समज साधारण सहा-सात वर्षांपर्यंत हळूहळू येते, म्हणून तो आजी केव्हा येणार हे पुन्हा विचारेल. त्या वेळी तुमच्या डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या आणि ‘मला तिची आठवण आली’ असे सांगा. न सांगता रडणारे आजोबा पाहिले, की आपणच काही वाईट विचारले असे त्याला वाटेल.

घराची किल्ली देण्याआधी त्याला एकदा सांगलीला घेऊन जा. रिकाम्या खोल्यांतून त्याला फिरू द्या आणि आजीची एक वस्तू त्याला निवडू द्या. ती तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पोळपाट किंवा चष्म्याचे घर असेल. ठाण्याला ती उंच फळीवर न ठेवता त्याच्या हाताला लागेल अशी ठेवा, आणि तो तिच्याशी खेळायला लागला तर खेळू द्या.